मोबाइलमधल्या मेलेल्यासाठी रडू येतं, घरातल्यासाठी का आलं नाही?

चोपडा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३९, घरी केळी आणि कापूस, दोन मुलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं:

"दिवाळीनंतर सासूबाई गेल्या. सतरा वर्षं एका चुलीवर काढली, पण मला रडू आलं नाही. दारावर आलेल्या भाऊबंदकीतल्या बाया माझ्याकडेच बघत होत्या. आता मात्र रात्री मोबाइलवर कुणाचंही दुःख दिसलं की घळाघळा रडते. फौजी मुलासाठी ताट झाकून ठेवणारी आजी, बाजारात टोपली सांडलेली भाजीवाली म्हातारी, मालकाच्या कबरीवर बसलेलं कुत्रं. आमचे हे म्हणतात, मोबाइलमधल्या मेलेल्याला रडते, घरातल्या मेलेल्याला नाही. उलट माझा भाऊ अपघाताचे व्हिडिओ चहा पिता पिता बघतो, त्याला काहीच होत नाही. आमच्यातलं बिघडलंय कोण? मी खोटी आहे का?"

ताई, नाही. खोट्या तुम्ही नाही, आणि बिघडलेलं कुणी असेल असं निदान पत्रावरून तरी वाटत नाही. जळगावात बावीस वर्षं समुपदेशनाचं काम करते आहे. "मला सारखं रडू येतं" म्हणून उघडपणे सांगणारे पुष्कळ येतात. "मला रडू आलं नाही" हे मात्र लोक तिसऱ्या-चौथ्या भेटीत, दाराशी उठून उभं राहताना सांगतात. तुम्ही दोन्ही एकाच पत्रात लिहिलंत ते बरं केलं, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत.

सासूबाई गेल्या त्या दिवशी तुम्ही काय काय केलं ते आठवा. नातेवाइकांना फोन कुणी लावले? टाकी भरून कुणी घेतली? पुढचे दहा-बारा दिवस आल्या-गेल्याचा चहा, बाहेरगावच्या पाहुण्यांच्या गाद्या, भटजींनी सांगितलेली यादी, पोरांची शाळा. आपल्याकडे दुखवट्यात घरच्या सुनेला रडायला सवड नसते. लेकी येऊन गळ्यात पडून रडतात, सून पातेलं शोधत असते. धावपळीच्या वेळी शरीर आधी काम उरकतं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हात चालत राहतात. डोळ्यांतल्या अश्रुग्रंथींना पाझरायला लावणाऱ्या नसा मुख्यतः मज्जासंस्थेच्या दुसऱ्या, विसाव्याच्या बाजूच्या. म्हणून कित्येक बायका गंधमुक्तीचे, म्हणजे दुखवटा संपवण्याच्या विधीचे, पाहुणे पांगल्यावर, मोठी कढई घासताना रडतात. आणि काहींचं तेव्हाही राहून जातं.

तुम्ही तीन व्हिडिओ लिहिलेत. त्यातल्या दोनांत म्हातारी बाई आहे. एक तर ताट झाकून ठेवते. शेतातून तुम्ही उशिरा आलात की सासूबाई तुमचं ताट झाकून ठेवायच्या का, हे मला माहीत नाही, पण समोर बसला असतात तर पहिला प्रश्न हाच विचारला असता.

आता मोबाइलची बाजू. ते रील एकदा आवाज बंद करून बघा. चेहरा अगदी जवळून घेतलेला. एकच माणूस. गाव, साल, आडनाव काही नाही. खाली बासरी नाहीतर सारंगी. तीस-चाळीस सेकंदांत ताट झाकलं जातं, दार वाजतं, संपलं. आवाज बंद केला की निम्मं रडू ओसरतं, हे मी स्वतःवर करून पाहिलं आहे. अर्थात उरलेलं निम्मं खरं असतं. बनवलेल्या गोष्टीवर आलेलं रडू बनावट नसतं, नाहीतर कीर्तनात, तमाशाच्या वगात डोळे पुसणारी आपली आजी-पणजी सगळ्या ढोंगी ठरतील.

एकाच चेहऱ्याचा हा परिणाम मोजला गेला आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या अमेरिकी संशोधकांचा २००७ साली छापून आलेला प्रयोग आहे. माणसांच्या हातात ५ डॉलर दिले आणि त्यातले किती आफ्रिकेतल्या भुकेल्यांसाठी देता असं विचारलं. काहींना लाखोंच्या उपासमारीचे आकडे वाचायला दिले, काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची हकीकत. आकडेवाल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियावाल्यांनी २.३८. आणि ज्यांना मुलगी आणि आकडे दोन्ही दाखवले त्यांनी १.४३. म्हणजे मुलीशेजारी आकडा ठेवला आणि हात आखडला. सासूबाईंच्या दिवसांत तुमच्यासमोर काय होतं? यादी, माणसं, किती किलो रवा. आकडेच की सगळे. चेहरा तर खोलीतून उचलून नेलेला.

या मायेचं आयुष्य किती, तेही दिसून आलं आहे. २ सप्टेंबर २०१५ ला तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आलान कुर्दी या चिमुकल्या सीरियन मुलाचं प्रेत वाहून आलं, तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. स्वीडनच्या रेडक्रॉसने सीरियन निर्वासितांसाठी काढलेल्या निधीत पुढच्या आठवड्यात रोजच्या देणग्या पंचावन्न पटींच्या आसपास गेल्या. दीडेक महिन्यात तो पूर बराचसा उतरला. लोक निर्दय झाले म्हणून नाही. माणसाच्या मनाची ओल इतकीच टिकते, पुन्हा पाणी दिलं नाही तर.

तुमच्या भावाकडे वळते, कारण मला तुमच्यापेक्षा त्याची थोडी जास्त काळजी वाटली.

चहा पिता पिता बघणारे दोन प्रकारचे असतात. एकाची कातडी खरंच निबर झालेली असते; रोज शंभर अपघात बघितले की एकशे एकाव्याला काय होणार. शवविच्छेदनगृहात काम करणारी माणसं डबा खातातच. दुसऱ्याला होत असतं पुष्कळ, पण ते तो व्हिडिओशी जोडत नाही. रात्री दोनला उठून बसतो, मुलगा सायकल घेऊन निघाला की ओरडतो, हायवेला ट्रक आला की ब्रेकवर पाय जातो.

२२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात परधाडे स्टेशनजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. माणसं खाली उतरून शेजारच्या रुळावर गेली आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडली. बारा-तेरा जीव गेले. आग नव्हतीच. संध्याकाळपर्यंत आपल्याकडच्या ग्रुपांवर ते व्हिडिओ फिरायला लागले. महिन्याभराने एक तरुण आईबरोबर माझ्याकडे आला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). रोज जळगाव-भुसावळ अपडाउन करणारा. त्या दिवशी तो घरी होता. व्हिडिओ चार ग्रुपांवर आला, चारही ठिकाणी त्याने उघडला. किती वेळा बघितला असेल? "वीसेक वेळा, मॅडम." कशासाठी? "कुणी ओळखीचं दिसतं का म्हणून." मग आधी त्याने दाराजवळ उभं राहणं सोडलं, मग खिडकीची जागा, मग गाडीच. एसटीने जायला लागला. त्याची आई वैतागून म्हणाली, "हाऊ त गाडीमा नव्हताच, मंग याले काय व्हयनं?"

आईचा प्रश्न बरोबर होता. १५ एप्रिल २०१३ ला बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर ४,६७५ अमेरिकी लोकांची पाहणी झाली. स्फोटानंतरच्या आठवड्यात जे रोज सहा किंवा अधिक तास त्याच्याच बातम्या बघत होते, त्यांच्यातला तीव्र ताण प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी किंवा जवळपास असलेल्यांपेक्षाही जास्त भरला. तिथे असलेल्याने स्फोट एकदा ऐकला, बघणाऱ्याने शंभरदा. गंमत अशी की २०१३ सालीच आलेल्या डीएसएम-५ या निदानाच्या अमेरिकी नियमावलीत पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर जडणारा मानसिक विकार) म्हणायचं तर प्रसंग नुसता पडद्यावर पाहिलेला चालत नाही. पोलिसांसारखं ते बघणं कामाचाच भाग असेल तरच धरतात. म्हणजे त्या तरुणाला त्या रोगाचं नाव देता येत नव्हतं. त्रास मात्र नियमावली वाचून येत नाही. त्याच्या मोबाइलमधून व्हिडिओ काढले, दोन ग्रुप सोडायला लावले, आणि आधी मित्राबरोबर एक स्टेशन, मग भुसावळपर्यंत, मग एकटा असं गाडीत बसवलं. दोन महिने लागले.

तेव्हा भावाला "तुला काहीच कसं होत नाही" असं विचारू नका. "झोप लागते का रे?" एवढंच विचारा.

रडणं आणि निबर होणं यांत नुकसान असलंच तर ते बहुधा आपल्यापुरतं. तिसरी एक प्रतिक्रिया आहे, ती तुम्ही लिहिली नाही, पण खान्देशात राहून ती सोडून पुढे जाता येत नाही. १ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आणि व्हिडिओ त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होते. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

लोक या घटनेला राग म्हणतात, अडाणीपणा म्हणतात. मला त्याच्या मुळाशी कळवळाही दिसतो. पोरांच्या आठवणीने पोटात तुटलेल्या आई-बापांनीच ते मेसेज "जपा रे लेकरांना" म्हणून पुढे ढकलले असणार. मुलांविषयीची माया आणि भीती एकत्र उकळली, ती ओतायला जागा नव्हती, आणि समोर पाच परकी माणसं आली. म्हणून "मला फार लवकर वाईट वाटतं, मी मनाने हळवी" असं कुणी कौतुकाने सांगितलं की मी विचारते, वाईट वाटल्यावर तुम्ही काय करता? फॉरवर्ड करत असाल तर थांबा. हे कुठलं आहे, कधीचं आहे, सांगतंय कोण, एवढं कळल्याशिवाय अंगठा हलवायचा नाही. रक्त हवंय म्हणून फिरणारे कित्येक मेसेज वर्षानुवर्षं फिरतात. त्यातला नंबर आधी लावून बघायचा.

आता माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा. आपल्याकडे कुणी गेलं की पेपरातल्या निधनवार्तेत दोन शब्द छापून येतात: द्वारदर्शन आणि गंधमुक्ती. बाहेरच्यांना ते समजावून सांगावे लागतात. द्वारदर्शन म्हणजे त्या घराच्या दारावर जाऊन बसायचं. बोलायला काही नसतं, कुणी बोलतही नाही. पुरुष ओट्यावर, बाया आत. कुणीतरी "काय झालं होतं?" विचारतं आणि घरचं माणूस विसाव्यांदा तीच हकीकत सांगतं. मी तरुण असताना मला ते क्रूर वाटायचं. आता वाटतं, त्या विसाव्या सांगण्यात कुठेतरी ते मरण सांगणाऱ्याच्याच कानावर पडतं. आणि गंधमुक्तीला ते थांबतं. तारीख ठरलेली असते. त्या दिवसानंतर हसलं तर चालतं, गोड केलं तर चालतं.

मोबाइलवरच्या मरणाला दार नाही आणि गंधमुक्ती नाही. फौजीच्या आजीच्या दारावर तुम्ही जाऊन बसू शकत नाही. ती आहे का, हेही कळत नाही. पाणी डोळ्यात आलं, बोट सरकलं, खाली साड्यांचा सेल. आमच्या एका ग्रुपवर कुणाच्या निधनाखाली शंभरावर जोडलेले हात पडले आणि एकशे एकावा मेसेज "शुभ सकाळ" होता. कुणी दुष्ट नव्हतं, वेळ झाली होती इतकंच. २०१६ च्या फेब्रुवारीत फेसबुकने रडका चेहरा दिला त्याआधी तर लोक मयतीच्या पोस्टला अंगठाच दाखवायचे.

जर्मनीत तान्या सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी ही गोष्ट मेंदूच्या अंगाने तपासली. दुसऱ्याचं दुःख नुसतं आपल्यात ओढून घ्यायचा सराव दिला तर माणसं कासावीस होतात; त्याच माणसांना पुढे त्या दुःखी जिवाविषयी शुभ चिंतण्याचा, त्याला मदत व्हावी अशी इच्छा धरण्याचा सराव दिला तर तेच व्हिडिओ बघून त्यांना बरंही वाटतं. पहिल्यात माणूस स्वतःच्याच पोटातल्या कळेकडे बघत बसतो. दुसऱ्यात त्याची नजर समोरच्याकडे जाते. द्वारदर्शनाला निघालेला माणूस दुसऱ्या अवस्थेत असतो. त्याला चप्पल घालायची असते, गाडी गाठायची असते, पिठलं-भाकरीचा डबा न्यायचा असतो.

म्हणून मी लोकांना सांगते ते साधं आहे. एखाद्या व्हिडिओने रडवलं तर पुढचा लावू नका, मोबाइल उलटा ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी तोंडाने सांगा, "मी असं असं पाहिलं." सांगताना आवाज कापतो, कापू द्या. मग विचारा, आपल्या गावात अशी भाजीवाली म्हातारी कोण? बहुधा नाव लगेच आठवतं. तिच्याकडून बिनघासाघीस मेथी घेऊन या. चेष्टा वाटेल, पण मी ज्यांना हे करायला लावलं त्यांतल्या बहुतेकांचं रात्रीचं रडणं कमी झालं. अंथरुणात मोबाइल नको, हे सगळेच सांगतात आणि कुणी ऐकत नाही, त्यामुळे मी फक्त आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करून देते आणि आवाज बंद ठेवायला सांगते. निधनाची पोस्ट दिसली आणि माणूस ओळखीचा असला तर आरआयपी लिहायचं नाही. एक आठवण लिहायची, "काकांनी मला पोहायला शिकवलं होतं" अशी, नाहीतर फोन करायचा.

काही रडणी मात्र माझ्या खात्यातली नसतात, ती डॉक्टरांची. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या वडलांना टीव्हीवरच्या कुठल्याही गोष्टीवर एकदम हुंदका फुटतो आणि तितक्याच एकदम थांबतो, स्वतःलाही कळत नाही का रडलो. तो मेंदूतल्या इजेचा भाग असू शकतो आणि त्यावर औषध आहे. "म्हातारा हळवा झाला" म्हणून सोडून देऊ नका. बाळंतपणानंतर आठवड्या-दोन आठवड्यांच्या पुढेही रडू थांबत नसेल तर तेच. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं मन सगळंच गेलं असेल, तर त्याला रीलचं रडू म्हणू नका.

आत्महत्येच्या बातम्यांचं वेगळं आहे. आपल्या कापूसपट्ट्यात त्या रोजच्याच झाल्या आहेत. जो स्वतः कर्जाच्या नाहीतर परीक्षेच्या कोंडीत आहे, त्याच्या मनात अशी बातमी तपशिलासकट वाचून तोच रस्ता घर करू शकतो. म्हणूनच प्रेस कौन्सिलने २०१९ साली अशा बातम्यांसाठी नियम घालून दिले. मोबाइलवर फोटो टाकणाऱ्यांना ते माहीत नसतात. घरात असं कुणी असेल तर बातमी लपवत बसू नका. शेजारी बसून थेट विचारा, "तुझ्या मनात असं येतं का?" विचारल्याने मनात नसलेलं येत नाही. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी शेवटी ठेवलं होतं. "मोबाइलमधल्या मेलेल्याला रडते, घरातल्या मेलेल्याला नाही." हे तुम्हाला टोचलं आणि टोचणारच. पण ताई, हे बोलणाऱ्याची आई गेली आहे. ते स्वतः रडले का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा नसावेत. थोरला मुलगा असतील तर अग्नी देताना, नंतर दिवसांचा खर्च, भावांचे हिशेब, केळीची कापणी. त्यांच्या बोलण्यात मला तुमच्यावरच्या रागापेक्षा हेवा जास्त ऐकू येतो, की हिला निदान कुठेतरी रडू फुटतंय.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली आहे. सासूबाईंची घागर भराल, वर डांगर (खरबूज) ठेवाल, सांजोऱ्या कराल. त्या दिवशी जेवणं उरकली की पोरांना झोक्यावर पाठवा आणि यांना विचारा, लहानपणी आई तुमचं ताट झाकून ठेवायची का हो? मग तुम्ही तुमचं सांगा, सतरा वर्षांतलं, चांगलं-वाईट दोन्ही. भांडलाही असाल दोघी, तेही सांगा. कुणाला रडू आलं तर आलं. नाही आलं तर डांगर कापून घ्या, ऊन फार असतं तोवर.